शनिवार-रविवारचं ऑफिसचं काम आटोक्यात आणायचं तर कोणती पायरी आधी, कोणती नंतर

रविवारी रात्री साडेदहाला मेल येतो. विषय, 'वीकेंडच्या कामाबाबत'. आत पाच परिच्छेद, एचआर सीसीमध्ये, शेवटी कुठल्याशा बातमीची लिंक. पाठवणारा माणूस बहुधा सरळ असतो. आठ महिने गप्प राहून त्यानं सगळं केलेलं असतं आणि त्या दिवशी भाच्याच्या मुंजीत, पंगत बसलेली असताना, कोपऱ्यातल्या खुर्चीवर लॅपटॉप उघडावा लागलेला असतो. सोमवारी मीटिंग होते, 'बघू आपण' असं ठरतं, आणि पुढच्या शनिवारी फोन पुन्हा वाजतो. फरक एवढाच, की आता त्याच्या नावापुढे 'ॲटिट्यूड' हा शब्द लागलेला असतो.

मी अकरा वर्षं पेमेंट सिस्टिमच्या सपोर्टला काढली. आता हिंजवडीत बारा जणांची टीम बघतो. असा मेल मी लिहिलाही आहे आणि मला आलेलाही आहे. बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. शेवटची पायरी आधी घेतली जाते. शिवाय सगळे शनिवार वाचवायला जातात ते शनिवारी. तो गेलेला असतो गुरुवारीच.

खालचा क्रम पाळायला सात-आठ आठवडे लागतात. त्यापेक्षा घाई करू नका.

टप्पा १: चार आठवडे फक्त नोंद

या चार आठवड्यांत कुणाला काही बोलायचं नाही, काही नाकारायचं नाही. जसं करता तसंच काम करा, फक्त लिहून ठेवा. साधी शंभर पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा:

१. वार आणि वेळ
२. कुणी मागितलं
३. काय मागितलं, एका ओळीत
४. एकूण किती वेळ गेला
५. सोमवारी केलं असतं तर काय बिघडलं असतं

पाचवा रकाना त्याच वेळी भरू नका. तो सोमवारी संध्याकाळी भरायचा. शनिवारी फोन आला की सगळंच तातडीचं वाटतं. सोमवारी संध्याकाळी कळतं की त्या फाईलला कुणी हातही लावलेला नाही.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे. शनिवार, सकाळी ९:४०. मंडईत होतो, मेथीच्या दोन जुड्या हातात. 'क्विक क्वेश्चन, ती रिकन्सिलिएशनची शीट कुठे ठेवलीयेस?' घरी आलो, व्हीपीएन जोडलं, ओटीपी दोनदा चुकला, शीट शोधली, लिंक पाठवली. ३५ मिनिटं. पाचवा रकाना, सोमवारी भरलेला: शीट दुपारी दीडला पहिल्यांदा उघडली गेली.

चार वीकेंडमध्ये माझ्या अशा १९ नोंदी झाल्या. त्यातल्या ३ खरोखर थांबण्यासारख्या नव्हत्या. ५ शुक्रवारचं उरलेलं काम होतं. ७ नुसते प्रश्न होते, ज्यांची उत्तरं कुठल्या ना कुठल्या फाईलमध्ये होतीच. उरलेल्या ४ वेळा मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मीच 'एकदा बघून घेऊ' म्हणून लॅपटॉप उघडला होता. त्या चार ओळी लिहिताना हात जड झाला, पण त्या गाळल्या असत्या तर पुढचा सगळा हिशेब खोटा ठरला असता.

वेळ मोजताना फोनवर बोललेली मिनिटं तेवढी धरू नका. लॅपटॉप लावण्यापासून तो मिटून पुन्हा घरच्या कामाला लागेपर्यंतचा वेळ धरा.

*नेहमीची चूक:* वहीत 'पुन्हा तोच छळ', 'यांना माणुसकी नाही' असं लिहिणं. ही वही पुढे कुणाला दाखवायची वेळ येऊ शकते. वेळ, माणूस, काम, मिनिटं, बास.

*सावधान:* पुरावा म्हणून ऑफिसचे मेल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. ग्राहकाचा डेटा बाहेर नेल्याचा ठपका बसला, तर वीकेंडचा मुद्दा बाजूला राहतो आणि नोकरीच जाते. वहीतही ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक नको.

टप्पा २: कागद वाचा

नोंदी चालू असतानाच हे उरकता येतं. तीन कागद काढा: नियुक्तीपत्र, रजेची पॉलिसी, आणि ऑन-कॉल (सुट्टीतही फोनवर तयार राहण्याची पाळी) किंवा शिफ्ट अलाउन्सची पॉलिसी असल्यास तीही. पॉलिसी इंट्रानेटवर असते, लोक ती नोकरीच्या पहिल्या दिवशी 'आय ॲग्री' करतात आणि पुन्हा बघत नाहीत.

शोधायचं ते हे. कामाच्या वेळेचं कलम काय म्हणतं? बहुतेक पत्रांत 'व्यवसायाच्या गरजेनुसार वेळा बदलू शकतात' असं वाक्य असतंच. ते दिसलं म्हणून हातपाय गाळू नका, त्यानं कायद्यातला आठवड्याचा सुट्टीचा दिवस रद्द होत नाही. कॉम्प-ऑफ, म्हणजे सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाबद्दलची बदली सुट्टी, किती तासांच्या कामाला मिळतो, आधी मंजुरी लागते का आणि तो किती दिवसांत संपतो? सुट्टीच्या दिवसाचे तास टाइमशीटमध्ये भरता येतात का?

आता कायदा. यात लोक दोन्ही बाजूंनी चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

राज्यातल्या आस्थापनांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो; मूळ कायद्यात त्यासाठी दहा किंवा जास्त कामगारांची अट होती. त्यात मुळात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आहे, ती नाकारली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यायची आहे आणि जादा तासांना दुप्पट दराने वेतन आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर धरून सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्या दिवशी बोलावलं तर दुप्पट वेतन आणि वर बदली सुट्टी.

नीट वाचा: सुट्टी एका दिवसाची आहे. शनिवार-रविवार दोन्ही मोकळे असणं ही कंपनीच्या पॉलिसीची देणगी, कायद्याची नव्हे. तो एक दिवस रविवारच असावा असंही कायदा म्हणत नाही. म्हणजे शनिवारी दोन तास बसवलं तर मुद्दा बहुधा पॉलिसीचा असतो. पाच दिवस नऊ-नऊ तास भरले की ४५ होतात, शनिवारच्या तीन तासांपर्यंत ४८ ची मर्यादा ओलांडलीच जात नाही. रविवारीही बसवलं, की मुद्दा कायद्याचा होतो. हा फरक न कळता 'शनिवारी काम बेकायदेशीर आहे' असं मेलमध्ये लिहिलं, की एचआरला उत्तर देणं फार सोपं जातं.

दुसरी मेख अशी, की गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदावरची माणसं या कायद्यातून वगळलेली आहेत. अशा पदांची यादी कंपनीनं वेबसाइटवर लावायची असते. ती शोधा. नुसतं 'लीड' किंवा 'असिस्टंट मॅनेजर' असं पदनाम मिळालं म्हणून माणूस आपोआप या गटात जातोच असं नाही. वाद झाला तर प्रत्यक्ष कामाचं स्वरूप बघितलं जातं.

आकडे वापरण्याआधी ताजी तरतूद तपासा. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं वीस किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी रोजचे तास ९ वरून १० आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तास करायला मान्यता दिली आणि पुढे तसा अध्यादेशही निघाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिताही लागू झाल्या. आठवड्याचे ४८ तास मात्र तसेच आहेत. बंगळुरू किंवा हैदराबादला असाल तर तिथल्या राज्याचा कायदा वेगळा; आपला तिथे लावू नका.

*सावधान:* 'राइट टु डिस्कनेक्ट', म्हणजे कामाच्या वेळेबाहेर ऑफिसच्या फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क, भारतात कायदा झालेला नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याचं खासगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं, पण विधेयक मांडलं जाणं म्हणजे मंजूर होणं नव्हे. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क आहे. तो त्यांच्या माणसांना आहे, त्यांच्यासाठी पुण्यात बसून काम करणाऱ्या आपल्याला नाही.

टप्पा ३: कामाचे तीन ढीग

चार आठवडे झाले की वही घेऊन बसा आणि प्रत्येक नोंद एका ढिगात टाका.

पहिला ढीग, खरोखर सुट्टीच्या दिवशीचंच काम. हे असतं, नाकारू नका. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. पूर्वी रविवारी पेमेंटची फाईल अडकली तर ग्राहकालाही माहीत असायचं की सोमवारशिवाय काही हलणार नाही. आता रविवारी दुपारी अडकलेला पैसा रविवारी दुपारीच कुणाच्या तरी दवाखान्याच्या बिलाला लागणार असतो. मोठी रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करणं, तीही वीकेंडलाच होते, कारण तेव्हा वर्दळ कमी. शेअर बाजाराचं मॉक ट्रेडिंग, म्हणजे सिस्टिम तपासायचे लुटुपुटीचे व्यवहार, शनिवारी असतं. सौदी अरेबियाचा क्लायंट असेल तर त्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवार कामाचा. तिथे भांडण रविवारी काम का, यावर करायचं नसतं. शुक्रवार खरोखर मोकळा मिळतो का, यावर करायचं असतं.

दुसरा ढीग, आठवड्यात अडकून शनिवारवर सांडलेलं काम. कुणाची तरी मंजुरी आली नाही, टेस्टिंगचा सर्व्हर मिळाला नाही, क्लायंटचं उत्तर शुक्रवारी रात्री आलं.

तिसरा ढीग सवयीचा. प्रश्न, 'जरा बघ ना', आणि स्वतःहून उघडलेला लॅपटॉप.

प्रत्येक ढिगाला औषध वेगळं आहे. पहिल्याला आगाऊ तारीख आणि मोबदला, दुसऱ्याला गुरुवार, तिसऱ्याला लिहून ठेवलेली उत्तरं आणि आपला स्वतःचा हात आवरणं. तिन्हींना एकच औषध म्हणून 'नाही' म्हणायला गेलात, तर पहिल्या ढिगातल्या एखाद्या खऱ्या प्रसंगी तोंडघशी पडाल.

*तपासा:* पहिला ढीग निम्म्याहून मोठा निघाला तर तुमचा प्रश्न वीकेंडच्या शिस्तीचा नाही, माणसं कमी असल्याचा आहे. मग टप्पा ५ वर वेळ घालवू नका. टप्पा ४ करून थेट ६ वर या आणि तिथे जादा माणूस किंवा शिफ्ट मागा.

टप्पा ४: पहिल्या ढिगाचं पंचांग

मुंबईकरांना रविवारचा मेगाब्लॉक आवडत नाही, पण त्यासाठी कुणी रविवारी सकाळी स्टेशनवर जाऊन थक्क होत नाही. कुठल्या दोन स्टेशनांदरम्यान, अप की डाऊन, धीमा की जलद, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे सगळं आधी जाहीर झालेलं असतं. वीकेंडच्या कामालाही एवढंच मागायचं.

पुढच्या तीन महिन्यांचं कॅलेंडर घ्या आणि माहीत असलेले जड दिवस आत्ताच लाल करा. रिलीजच्या तारखा. महिनाअखेर आणि तिमाहीअखेर. अकाउंट्सवाल्यांना टीडीएस भरण्याची ७ तारीख, जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २० पाठच असते. त्या रविवारला लागून आल्या की वीकेंड जाणार हे जानेवारीतच दिसतं. बँकांचे दुसरे-चौथे शनिवार सुट्टीचे आणि बाकीचे चालू, हेही मांडा. अमेरिकेचा क्लायंट असेल तर त्यांची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तासभर पुढे-मागे होतात (डेलाइट सेव्हिंग), तेव्हा सगळे कॉल तासाभरानं सरकतात.

मग प्रत्येक लाल दिवसापुढे मेगाब्लॉकसारखी ओळ लिहा: कोण, किती ते किती, नेमकं काय. 'शनिवारी अव्हेलेबल राहा' ही ओळ चालणार नाही. 'शनिवारी सकाळी ७ ते ११, डेटाबेस मायग्रेशन, मी आणि एक टेस्टर' ही चालेल. पहिल्या प्रकारात अकरा वाजता काम संपलं तरी माणूस रात्रीपर्यंत फोन उशाशी घेऊन बसतो.

टप्पा ५: गुरुवार दुपार

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो इथे, आणि सगळ्यात कमी लोक हेच करतात.

१. गुरुवारी तीन वाजता, वीस मिनिटं. शुक्रवारी संपायला हवं ते सगळं लिहा. प्रत्येकापुढे ते कुणाच्या उत्तरावर अडलंय ते लिहा.

२. चारच्या आत त्या-त्या माणसाला मेसेज, त्यात मॅनेजरलाही घेऊन. भाषा अशी: 'हे शुक्रवारी द्यायचंय. तुमच्याकडून मंजुरी दुपारी १२ पर्यंत आली तर शुक्रवारी होईल, नंतर आली तर सोमवारी १ वाजेपर्यंत होईल.' यात तक्रार नाही, तारीख आहे. निवड समोरच्याची.

३. शुक्रवारी दुपारी बारानंतर नवीन काही लाइव्ह करायचं नाही. शुक्रवारी साडेपाचला केलेला 'छोटासा बदल' मी जितक्यांदा बघितलाय, तितक्यांदा त्याचा शनिवार कुणीतरी भोगलाय. एकदा तो कुणीतरी मीच होतो आणि बदलही माझाच होता.

४. शुक्रवारी पाचला हँडओव्हर नोट, दहा ओळींची. कुठली फाईल कुठे आहे, ॲक्सेस कुणाकडे आहे, काय अर्धवट आहे, ज्ञात अडचण कुठली आणि ती आली तर काय करायचं. माझ्या १९ पैकी ते ७ प्रश्न या एका नोटनं गेले.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी काम असेल तर आणखी एक. तिथे शुक्रवारचे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाट झालेली असते, त्यांच्या उन्हाळ्यात अडीच, हिवाळ्यात साडेतीन. त्यांनी दुपारचं जेवण झाल्यावर निवांत टाकलेला प्रश्न आपल्या शुक्रवारी रात्री अकराला पडतो आणि शनिवारी सकाळी 'पेंडिंग' दिसतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे त्यांच्या सकाळी, पंधरा मिनिटांचा कॉल ठेवा आणि एकच विचारा: 'सोमवारच्या आत तुम्हाला माझ्याकडून काय लागेल?' कॉल उशिराचा आहे, मान्य. पण शनिवारचे दोन तास देण्यापेक्षा शुक्रवारची पंधरा मिनिटं स्वस्त पडतात.

*तपासा:* दोन गुरुवार हे नीट झाल्यावर वहीतल्या नोंदी कमी झाल्या का? झाल्या नसतील तर मेसेज गेले, पण वेळेत गेले नाहीत असं बहुधा निघेल.

टप्पा ६: मॅनेजरशी बोलणं

आता तोंड उघडायचं. याआधी नाही, कारण याआधी तुमच्याकडे फक्त वैताग होता.

वार मंगळवार किंवा बुधवार, दुपारी, अर्ध्या तासाचा वेळ मागून. सोमवार सकाळ नको. रिलीज फसल्याच्या दुसऱ्या दिवशी नको. अप्रेझलच्या महिन्यात तर नकोच, तिथे हा सौदा वाटतो. एक पान न्या. वरच्या अर्ध्यात आकडे, खालच्या अर्ध्यात तीन मागण्या:

१. रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता. सहा जणांची टीम असेल तर प्रत्येकाचा वीकेंड सहा आठवड्यांतून एकदा.
२. तातडीची व्याख्या. ग्राहकाचा पैसा अडकला, सिस्टिम बंद पडली, किंवा त्याच दिवशीची कायदेशीर मुदत आहे, तर फोन. बाकी सगळं मेसेज, उत्तर सोमवारी.
३. काम सांगतानाच कॉम्प-ऑफची तारीख.

सुरुवात अशी करा: "सर, मागच्या चार वीकेंडची नोंद ठेवलीये. एकोणीस वेळा काम निघालं, त्यातलं तीनदा खरंच थांबण्यासारखं नव्हतं. चारदा तर मीच उगाच उघडून बसलो. बाकीच्या बारांचं काय करता येईल ते लिहून आणलंय." स्वतःची चूक आधी सांगितली की समोरच्याचा हात ढालीवरून खाली येतो.

उत्तरं साधारण तीन येतात.

"क्लायंटच तसा आहे रे, आपण काय करणार?" यावर क्लायंटची बाजू घेऊ नका, विरोधही करू नका. "क्लायंटला पाठवायचा रोस्टर आणि तातडीच्या नंबरचा मेल मी ड्राफ्ट करून देतो, तुम्ही बघून पाठवा." क्लायंटला बहुतेक वेळा कुणी तरी उचलेल एवढंच हवं असतं, तुम्हीच हवे असता असं नाही.

"बाकीचे करतातच ना?" सहकाऱ्यांची नावं घेऊ नका. "म्हणूनच रोस्टर म्हणतोय. आत्ता सगळेच अर्धे-अर्धे जागे असतात, त्यापेक्षा एक जण पूर्ण जागा बरा."

तिसरं सगळ्यात अवघड: "अरे, मी पण बसतोच ना शनिवारी!" हे बहुधा खरं असतं. इथे वाद घातलात तर संपलं. मला माझ्याच टीममधल्या एका मुलीनं यावर विचारलं होतं, "तुमच्या शनिवारच्या कामातलं काय मी शुक्रवारी काढून देऊ शकते?" दोन रिपोर्ट निघाले. तिचा शनिवार सुटला आणि माझाही अर्धा.

*नेहमीच्या चुका:* आईचं आजारपण, मुलाची परीक्षा ही कारणं पुढे करणं. कारण खरं असलं तरी ते एक दिवस संपतं आणि ते संपलं की काम परत येतं. तुम्ही नियम मागत नव्हता, सवलत मागत होता असा अर्थ निघतो. दुसरी चूक, आठवड्याला किती काम करावं यावरच्या, नारायण मूर्तींचे ७० तास आणि एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तास या वादात शिरणं. त्यावर मॅनेजरचंही मत असतं, अर्धा तास त्यातच जातो.

बैठक संपली की त्याच दिवशी तीन ओळींचा मेल: 'आज ठरल्याप्रमाणे पुढच्या सहा आठवड्यांसाठी रोस्टर जोडला आहे. तातडीच्या कामासाठी फोन, बाकी सोमवारी. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू.' एचआरला सीसी नको. 'सहा आठवड्यांनी' हा शब्द महत्त्वाचा, कारण कायमचं वचन द्यायला माणूस कचरतो, सहा आठवड्यांना हो म्हणतो.

टप्पा ७: पहिले तीन शनिवार

फोनच्या सेटिंग आता बदला. ठरण्याआधी नोटिफिकेशन बंद करणारे एखाद्या खऱ्या अडचणीत सापडतात आणि मग सगळी वाटाघाटच बुडते. टीम्सच्या मोबाइल ॲपमध्ये वारानुसार नोटिफिकेशन गप्प ठेवता येतात. अँड्रॉइडवर ऑफिसची ॲप वर्क प्रोफाइलमध्ये (फोनमधल्या ऑफिसच्या वेगळ्या कप्प्यात) असतील तर ती एका टिचकीत थांबवता येतात. कॉल मात्र चालू ठेवा. तातडीसाठी तोच मार्ग ठरलाय.

मेसेज येतीलच. चार मिनिटांत उत्तर दिलंत तर तुम्हीच समोरच्याला शिकवलंत की ठरलं ते खरं नव्हतं. उघडू नका. उघडलाच तर एक ओळ: 'या वीकेंडला रोस्टरवर अमुक आहे, त्याला फोन कर.' त्यापुढे अर्धं उत्तर देऊन ठेवायचा मोह टाळा.

स्वतःची पाळी असेल तेव्हा मात्र पूर्ण हजर राहा. लॅपटॉप चार्ज, नेट तपासलेलं, आणि त्या वीकेंडला लोहगड-बिहगड नाही. गडावर रेंज नव्हती हे कारण एकदाच चालतं.

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर रविवारी 'सोमवारी बघ' असा मेसेज पाठवू नका. तो वाचला रविवारीच जातो. शेड्यूल सेंड लावा, सोमवारी सकाळी नऊ.

टप्पा ८: कॉम्प-ऑफ

सोमवारी अर्ज टाका, त्याच सोमवारी. 'नंतर एकदम लांब सुट्टी घेऊ' म्हणून साठवलेले कॉम्प-ऑफ बऱ्याच कंपन्यांच्या सिस्टिममध्ये तीस, साठ किंवा नव्वद दिवसांनी आपोआप उडतात. अर्जात काम सांगितल्याचा मेल किंवा तिकीट नंबर (सिस्टिममधला त्या कामाच्या नोंदीचा क्रमांक) द्या. तोंडी सांगितलेलं काम असेल तर शनिवारी काम सुरू करतानाच एक ओळ पाठवा: 'फोनवर बोलल्याप्रमाणे सुरू करतोय, अंदाजे तीन तास.'

टाइमशीटमध्ये खरे तास भरा. मॅनेजर म्हणाला 'आठच टाक' म्हणून आठ टाकले, तर कागदावर तुम्ही शनिवारी घरीच होता.

टप्पा ९: तरीही हललं नाही तर

सहा आठवडे झाले, नियम कागदावर आणि फोन चालूच. आता तो मेल लिहायचा, जो लोक पहिल्या दिवशी लिहितात. मॅनेजरच्या वरच्याला आणि एचआरला, एका पानात: तारखा, तास, काय ठरलं होतं, किती वेळा मोडलं, काय हवंय. विशेषणं शून्य. रविवार रात्र सोडून कुठल्याही दिवशी पाठवा.

उत्तर आलं नाही आणि मुद्दा आठवड्याच्या सुट्टीचा किंवा जादा वेतनाचा असेल, तर कामगार आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते. पुण्यात आयटीवाल्यांसाठी 'नाइट्स' ही संघटनाही अशा तक्रारी हाती घेते. त्याआधी वही, नियुक्तीपत्र आणि सॅलरी स्लिपा एखाद्या कामगार-कायद्याच्या वकिलाला दाखवा. तुम्ही 'वगळलेल्या' पदात बसता का हे आधी त्याच्याकडूनच कळू द्या.

नोकरी बदलायची ठरलीच तर पुढच्या मुलाखतीत 'वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?' असं विचारू नका, 'उत्तम' असंच उत्तर येतं. विचारा, 'या टीमचं मागचं रिलीज कुठल्या वारी झालं आणि त्यानंतर कॉम्प-ऑफ कुणी कधी घेतला?' आणि राजीनामा टाकण्याआधी शिल्लक कॉम्प-ऑफ वापरून घ्या. साठलेल्या अर्जित रजेचे पैसे हिशेबात मिळतात; कॉम्प-ऑफचे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, आणि नोटीस पिरियडमध्ये तो मंजूर करायला कुणाला घाई नसते.